दोन्ही अंगांनी चालणारी

विमान चालवते का हेलिकॉप्टर, हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारला आहे की आता कोणी नुसतं तोंड उघडलं तरी माझं डोकं सणकते. अरे बापा, दोन्ही चालवते ना! दोन्हीचं लायसन्स आहे आणि दोन्ही मी नीट उतरवते. एखाद्या बाईला भाकर आणि पोळी दोन्ही येत असतील तर तिला कोणी विचारते का, की तू नक्की काय करते म्हणून?

पण नोकरी द्यायची वेळ आली की हाच प्रश्न पुढं येते. विमानाच्या कंपन्या म्हणायच्या, हेलिकॉप्टरचा अनुभव आमच्या काय कामाचा, आमच्याकडं तू अजून कच्चीच. हेलिकॉप्टरवाले म्हणायचे, आज इथं हात साफ करशील आणि उद्या मोठ्या विमानात बसून निघून जाशील, मग आम्ही कोणाच्या तोंडाकडं पाहायचं? एकीकडं मी कमी पडत होते आणि दुसरीकडं जास्त होत होते. माझा भाऊ धम्मदीप आमच्या मूल गावात मोबाईलचं दुकान चालवतो. तो मला बेडकी म्हणायचा. पाण्यातही राहते, जमिनीवरही राहते, आणि दोन्हीकडचे हाकलून देतात, असं त्याचं म्हणणं. मी त्याच्या पाठीत धपाटा घालायची. पण घरी बसलेल्या बहिणीचा धपाटा तो कितीसा मनावर घेणार?

घरात एकट्या बाबांना कधी हा प्रश्न पडला नाही. माझे बाबा सोमाजी मूलच्या राईस मिलमध्ये कामाला, पण त्यांची खरी ओळख बैलांची. आमच्या झाडीपट्टीत शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, आणि पटाचे बैल तयार करायला लोक लांबून बाबांकडं यायचे. बैलाचं असं असते की बहुतेक बैल जुवाच्या एकाच बाजूला चालतो. कोणी डाव्या अंगाचा, कोणी उजव्या. बाजू बदलली की तो गोंधळतो, जोडीदाराला ढकलतो, अडून बसतो. पण एखादा बैल दोन्ही अंगांनी चालतो आणि बाजारात त्याला सगळ्यात आधी गिऱ्हाईक भेटते. मी दुसरं लायसन्स काढलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले की आता पोरीला मागणी येणार. त्यांचा हिशोब साधा होता. विमान कंपन्यांना तो समजत नव्हता, त्याला बाबा काय करणार?

असा एक बैल बाबांनी स्वतः घडवला होता, चितऱ्या नावाचा. बैल गोंडपिपरीकडच्या एका मोठ्या शेतकऱ्याचा, पण शिकवला बाबांनी. बाबांची एक पद्धत होती. ज्या अंगाला उद्या जुंपायचं, त्या अंगाला त्याला आदल्या संध्याकाळीच दावणीला बांधायचं. त्याच बाजूनं भाताची तणीस, म्हणजे पेंढा टाकायचा, त्याच बाजूनं पाठीवर हात फिरवायचा. रात्रभर त्याच्या अंगात ती बाजू मुरली पाहिजे. आणि कितीही गुणी बैल असला तरी एका दिवशी एकच अंग. एका पटाला मालकानं सकाळी चितऱ्याला डाव्या अंगानं पळवलं, जिंकला, आणि दुपारी हौसेनं म्हणाला की आता याला उजव्या अंगाला दुसऱ्या बैलाबरोबर पळवू. बाबांनी नाही म्हटलं. मालकानं ऐकलं नाही. अर्ध्या वाटेवर चितऱ्या सकाळच्या सवयीनं तिरपा झाला, छकडा उलटला, हाकणाऱ्याचा खांदा निखळला. मी तेव्हा शाळेत होते, बाबांच्या खांद्यावरून सगळं पाहिलं. मालकानं भर मैदानात सांगितलं की बैलच खोडीचा निघाला. पुढच्या बाजारात चितऱ्याला विकून टाकलं. बाबा पुन्हा त्या माणसाच्या दारात गेले नाहीत, आणि त्या दिवशी घरी येऊन जेवलेही नाहीत.

आता कामाचं सांगते. चंद्रपूरजवळ मोरव्याच्या धावपट्टीवर एक नवी कंपनी आली. एक लहान विमान आणि एक हेलिकॉप्टर, एवढाच संसार. विमान नागपूर-हैदराबाद करणार, आणि गडचिरोलीच्या जंगलात जिथं धावपट्टी नाही तिथं हेलिकॉप्टर जाणार. सूरजागडकडचे खाणीवाले साहेब न्यायचे, डॉक्टर न्यायचे, पेशंट आणायचे. रोज दोन्हीला काम नसते, म्हणून त्यांना दोन वेगळे पायलट नको होते. दोन्ही येणारा एकच पाहिजे होता. जाहिरात वाचून मी दुकानात धम्मदीपसमोर अशी ओरडले की गिऱ्हाईक दचकलं. माझ्यासाठी तर ही एकच जागा होती. ही हुकली असती तर मला एक मशीन सोडून द्यावं लागलं असतं, कारण दोन्हींवर हात चालू ठेवायचा तर दोन्हींवर बसायला भेटलं पाहिजे. घरच्या बाजेवर बसून ते होत नाही. आणि दोनातलं सोडायचं तरी कोणतं?

परीक्षा घेणारे होते कॅप्टन वामनराव, कंपनीचे मुख्य पायलट. नागपूरचे, पांढऱ्या मिशांचे, आवाज असा की हँगरमधली कबुतरं उडावीत. तेही दोन्ही चालवायचे. कंपनीत दोन्ही चालवणारे ते एकटेच, आणि ते एकटेपण त्यांना आवडत होतं असं मला पहिल्याच भेटीत वाटलं. दोन्हीचं लायसन्स पुष्कळ जण काढतात, पण दोन्ही सांभाळणं येरागबाळ्याचं काम नाही, असं ते मला चहा पिताना सांगून मोकळे झाले. मीही कमी नाही. म्हटलं, म्हणूनच तर आले सर.

सकाळी विमानाची परीक्षा झाली. विमानात कॅप्टन डावीकडं बसतो, म्हणून मी डावीकडं आणि वामनराव उजवीकडं. काय सांगू, त्या दिवशी विमान माझ्या हातात लोण्यासारखं होतं. मोरव्याच्या पट्टीवर मी पुन्हा पुन्हा उतरवलं, मधे त्यांनी स्वतः घेऊन दाखवलं, मग पुन्हा माझ्याकडं दिलं. उतरल्यावर त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि ठीक आहे म्हणाले. त्यांचं ठीक म्हणजे दुसऱ्याचं शाब्बास, असं मागून मॅनेजर खुशाल यांनी हळूच सांगितलं.

मग वामनराव म्हणाले की डबा खाऊन घे, दुपारी लगेच हेलिकॉप्टर.

मी म्हटलं, "सर, आज नाही. उद्या सकाळी घ्या."

त्यांना वाटलं मी थकले. मी सांगितलं की थकले नाही, घाबरलेही नाही. मशीन बदललं की मी एक रात्र मधे घेते. दोन्हींत हातांची कामं उलटी आहेत आणि घाईच्या वेळी डोकं विचार करत नाही, हात करतात. वामनराव ऐकून हसले नाहीत, तेच वाईट झालं. ते म्हणाले की खऱ्या कामात पेशंट तुझ्या रात्रीसाठी थांबणार नाही. जिला दोन्ही येते तिला दोन्ही आजच्या आज आलं पाहिजे, नाही तर एकच धरून बस. मी पुन्हा नाही म्हटलं. खुशाल यांनी मला डोळ्यांनी खुणावलं की पोरी, हो म्हण. मी नाही म्हटलं. वामनरावांनी मान हलवली, कंपनीच्या मालकांना संध्याकाळी कळवतो म्हणाले आणि ऑफिसात गेले. त्या मान हलवण्याचा अर्थ मला चांगला समजला.

राग आला, लपवत नाही. डोळ्यात पाणीही आलं, ते मी टोपी पुढं ओढून झाकलं. पण एकदाही वाटलं नाही की आपण चुकलो. मग मी काय केलं असेल? हँगरमध्ये हेलिकॉप्टरच्या शेजारी एक प्लास्टिकची खुर्ची टाकली, डबा तिथंच खाल्ला आणि उद्याची तयारी सुरू केली. न जाणो, उद्याची परीक्षा झालीच तर! झाडूचा एक दांडा डाव्या बाजूला धरला आणि डोळे मिटून बसले. हेलिकॉप्टरमध्ये डाव्या हाताला एक दांडी असते. ती वर ओढली की मशीन वर उचलते, खाली सोडली की खाली जाते. मी ओढायची, सोडायची, तोंडानं बोलायची, वर, खाली, वर. तिथला मेकॅनिक बिरजू येताजाता पाहत होता आणि हसत होता. हसू दे म्हटलं. मी स्वतःला दावणीला बांधलं होतं.

ऊन उतरायला लागलं तेव्हा खुशाल धावत आले. एटापल्लीच्या पुढं, डोंगरापल्याडच्या एका गावात पहाटे मोहाची फुलं वेचायला गेलेल्या माणसाला अस्वलानं फाडलं होतं. बाजेवर घालून त्याला गावच्या मैदानात आणून ठेवलं होतं, रस्त्यानं नेला तर वाचणार नाही असं तिथल्या सिस्टरचं म्हणणं. हेलिकॉप्टर पाहिजे होतं आणि हेलिकॉप्टरचा पायलट एकच होता. वामनरावांनी टोपी उचलली. बाहेर नजर ठेवायला आणि पेशंट चढवायला दुसरं माणूस पाहिजे म्हणून ते मला म्हणाले, चल. सकाळी विमान त्यांनीही चालवलं होतं, हे त्या घाईत त्यांच्या मनातही आलं नसावं. माझ्या आलं होतं. पण माणूस तिकडं मरणाशी झुंजून राह्यला होता, तेव्हा तोंड बंद ठेवून मी चढले.

हेलिकॉप्टरमध्ये कॅप्टन उजवीकडं बसतो. म्हणजे वामनराव सकाळीही उजवीकडं आणि आताही उजवीकडं. हे ध्यानात ठेवा, कारण सगळा घोळ इथंच आहे. विमानात उजवीकडं बसलं की जोर वाढवायचा खटका डाव्या हाताला येतो आणि तो पुढं ढकलायचा असतो. हेलिकॉप्टरमध्ये उजवीकडं बसलं की जोर वाढवायची दांडी डाव्याच हाताला येते आणि ती वर ओढायची असते. तोच हात, तीच खुर्ची, काम उलटं. मी सकाळी डावीकडं होते, माझा डावा हात खटक्याला लागलाच नव्हता.

जाताना सगळं ठीक होतं. खाली साग, बांबू, मधेच भाताच्या कोरड्या बांध्या. गावावर पोचलो तेव्हा मैदानाच्या टोकाला मोहाची मोठी झाडं होती. झाडांवरून आत उतरायचं होतं. उन्हानं हवा पातळ झालेली, आणि अशा हवेत हेलिकॉप्टर पाहिजे त्याहून लवकर खाली बसायला लागते. ते लागलं. वामनरावांना ते समजलं, जोर वाढवायला त्यांचा हात बरोबर गेला, आणि सकाळच्या सवयीनं त्यानं दांडी पुढं ढकलली.

पुढं ढकलली की ती दांडी खाली जाते, आणि दोन्ही बाजूंच्या दांड्या आतून जोडलेल्या असतात. माझ्या बाजूची दांडी माझ्या हाताखालून खाली निघाली आणि मशीन आणखी खचलं. झाडं खिडकीच्या बरोबरीनं आली. मी दांडी धरली आणि ओरडले, "वर, सर, वर!" आणि ओढली. त्यांचा हात क्षणभर माझ्या विरुद्ध होता, मग माझ्याबरोबर झाला. मशीन थरथरलं, हवेतच जरा अडलं, आणि जमिनीवर जरा आदळूनच टेकलं. धुळीत मोहाचा पालापाचोळा उडाला. पंख थांबले.

वामनराव खाली उतरले, सगळीकडून फिरून मशीन तपासलं, मशीनचे खालचे पाय ओणवं होऊन पाहिले. काही वाकलं नव्हतं, फुटलं नव्हतं. मग ते सावलीत उभे राहिले आणि स्वतःच्या डाव्या हाताकडं पाहत राहिले.  मला तेव्हा त्यांचा राग आला नाही. त्यांच्यासाठी जीव तुटला, खरं सांगते.

बाजेवर कोलू नावाचा माणूस होता. डोक्याला आणि तोंडाला लुगड्याच्या पट्ट्या गुंडाळलेल्या, श्वास चालू. त्याची बायको नीलाबाई बाजेचा पाय धरून बसली होती. आम्ही उचलायला गेलो तर तिनं बाज सोडली नाही. गावातली माणसंही पुढं येईनात. सगळ्यांनी पाहिलं होतं.

नीलाबाई म्हणाली, "ह्या भाऊनं दगड पडल्यावानी आणलं. आता माया माणसाले कोण नेईन, ते सांगा. मंग उचला."

मी वामनरावांकडं पाहिलं. ते माझ्याकडंच पाहत होते.

"परतीला तू घे," ते म्हणाले.

दुपारी मी नाही म्हटलं होतं, ते मला आठवत होतं आणि त्यांनाही. पण दुपारपासून मी त्या झाडूच्या दांड्याला धरून बसले होते. आणि आता निवड माझ्या रात्रीची नव्हती, एक हात चुकलेला होता आणि एक चुकलेला नव्हता.

मी म्हटलं, "घेते. पण तुमचे हात मांडीवर राहतील, सर. मी जे करीन ते मोठ्यानं बोलीन. चुकलं तर तोंडानं सांगा."

त्यांनी मान डोलावली आणि डावीकडच्या दारानं चढले. मी नीलाबाईला सांगितलं की बाई, मी मूलची आहे, सोमाजीची पोरगी, आणि तुह्या माणसाले मी नेतो. तिला मूल कुठं, सोमाजी कोण, काही ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण तिनं बाज सोडली, सिस्टरबरोबर मागं बसली आणि सगळ्या वाटेनं माझ्या मानेकडं पाहत राहिली असणार. मला ती नजर जाणवत होती.

मी बोलत बोलत उचललं. डावा वर. नाक खाली. वेग आला. झाडं गेली. वामनराव मांडीवर हात ठेवून शाळेतल्या पोरासारखे बसले होते आणि अधूनमधून फक्त हूं म्हणत होते. गडचिरोलीला दवाखान्याजवळच्या मैदानात मी असं उतरवलं की सिस्टरला टेकल्याचं समजलंच नाही. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलं, डोळा वाचेल, माणूसही वाचेल. नीलाबाईनं जाताना माझा हात धरला. तिच्या हाताला मोहाचा वास होता.

मोरव्याला परत आलो तेव्हा सूर्य पट्टीच्या टोकाला टेकला होता. खुशाल उभेच होते. मालकांचा फोन येऊन गेला होता, त्यांना पोरीचा निकाल पाहिजे होता. खुशाल यांनी आमच्यासमोरच वामनरावांना विचारलं की काय कळवू.

माझ्या डोळ्यांसमोर एकदम ते पटाचं मैदान आलं. उलटलेला छकडा, आणि सगळ्यांसमोर हात उंचावून बैलाला नावं ठेवणारा मालक. वामनरावांना काय अवघड होतं? दुपारी घाबरली, म्हणायचं. वर जंगलात दांडीला हात घातला, म्हणायचं. त्यांच्या शब्दापुढं माझा शब्द कोण ऐकणार होतं? पण मी ठरवून टाकलं होतं. ते खोटं बोलले तर मी तिथंच, त्यांच्या तोंडावर, सगळं सांगणार. नोकरी गेली तर गेली. मी काही चितऱ्या नव्हते, मला तोंड होतं.

वामनरावांनी टोपी काढली.

"दुपारी हिनं नाही म्हटलं," ते म्हणाले. "मी मात्र स्वतःला नाही म्हटलं नाही, एकाच दिवशी दोन्हींत बसलो. तिकडं माझा हात चुकला, हिनं धरला. मालकांना असंच सांग, यातला एक शब्द कमी करू नको."

 वामनराव पुढं बोलत होते, आता नेहमीच्या आवाजात. उद्यापासून या कंपनीत एका दिवशी एका पायलटला एकच मशीन. सकाळी जो ज्यात बसला, दिवसभर त्यातच. दोघं आहोत, तर दोघांत वाटून घेऊ. नियम सगळ्यांना, आणि सगळ्यांत आधी मला. मग माझ्याकडं वळून त्यांनी विचारलं की उद्या सकाळी हेलिकॉप्टरची परीक्षा द्यायला येशील ना. मी म्हटलं, येईन. ते म्हणाले की परीक्षा झाल्यातच जमा आहे, पण नियमाला द्यावीच लागेल, आणि परवापासून कामावर ये. बिरजूनं मागून माझी प्लास्टिकची खुर्ची उचलून पुन्हा हेलिकॉप्टरच्या उजवीकडं नेऊन ठेवली. आता तो हसत नव्हता.

मी धावपट्टीच्या कडेला जाऊन घरी फोन लावला. आई सत्यशीला फोन घेते आणि सगळं स्वतःच ऐकते, म्हणून आधीच म्हटलं, बाबांना दे. मागून धम्मदीप ओरडला की बेडकीला डबकं भेटलं का. मी म्हटलं, तळं भेटलं, तू दुकान सांभाळ. मग बाबा आले.

"जय भीम, पोरी. कोन्या अंगाले जुंपलं तुले?"

"दोन्ही अंगाले, बाबा. पण एका दिवशी एकाच."

मग मी त्यांना सगळं सांगितलं. वामनरावांचा हात, मोहाची झाडं, आणि शेवटी टोपी काढून ते काय बोलले ते. विमानात आणि हेलिकॉप्टरमध्ये बाबांना फारसं काही समजलं नसेल, पण टोपीपाशी मी आले तेव्हा त्यांनी मला मधेच थांबवलं. 

"सगळ्याईसमोर बोलला तो?" बाबांनी विचारलं.

"सगळ्यांसमोर."

"मंग मशीन कोनतंबी असो," बाबा म्हणाले. "त्या मानसाचं दार सोडू नको."